कुंपणाकडे पाठ

“कुंपनाचं काय, दोन बैलांचं काम हाय. उद्या सक्काऊन साफ.”

मावशी, हे वाक्य तुझ्या तेरवीच्या जेवणात माझ्या कानावर पडलं. तुझा पुतण्या गणपत बाहेर ओसरीवर पुरुषांच्या पंगतीत कोणाला तरी सांगत होता. मी आत बायकांच्या पंगतीत होते, पत्रावळीवरचा वडा तसाच ठेवून. बाकीच्या जेवत होत्या. यमुनेचा घास मात्र तोंडापाशी थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी पुन्हा पत्रावळीकडे पाहिलं.

ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एक दार होतं, तेही उघडं. मला उठून दोन शब्द बोलता आले असते. मी बोलले नाही. तू गेलीस तरी या बाबतीत माझ्यात काही फरक पडलेला नाही. तू सगळ्यांना सांगायचीस, “या पोरीले देवानं जीभ देल्ली, पन किल्ली मुंबईलेच रायली.”

तू गेल्याचं आम्हाला अकोल्यात एका गाडीवाल्याने सांगितलं. कापसाचे बोजे उतरवता उतरवता तो बाबांना म्हणाला, “अमरावतीची वेलवाली बाई गेली.” नाव त्याला ठाऊक नव्हतं. भागीबाई म्हटलं असतं तर कदाचित मलाही क्षणभर कळलं नसतं, पण वेलवाली म्हटल्यावर दुसरी कोण? बाबांनी त्याच संध्याकाळी छकडा ठरवला. वाटेत तीन दिवस मी तुझ्याशी मनात बोलत होते. त्यातलं अर्धं भांडण होतं, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलं होतं.

*

आम्ही अमरावतीला आलो ते कापसामागे. तेव्हा सगळेच कापसामागे येत होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. त्यांतल्या एकाकडे बाबा इंग्रजी पत्रं लिहीत. त्याने बाबांना इकडे धाडलं आणि मीही आले. आई नव्हती, मिशनच्या शाळेतलं शिक्षण संपलं होतं, आणि लग्नाचा विषय बाबा दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकत. माझ्याबरोबर पुस्तकांची एक पेटी होती. त्या पेटीपलीकडे या गावात मला ओळखणारं कोणी नव्हतं.

आमच्या भाड्याच्या घरामागे तुझी वाडी. वांगी, मेथी, मिरची, देवीच्या हारांसाठी झेंडू, आणि या सगळ्याभोवती ते कुंपण. खाली बाभळीबोरीचे काटे होते म्हणे. मला ते कधी दिसलेच नाहीत. श्रावणात गोकर्णाने ते निळं व्हायचं. भादव्यात कळलावीच्या फुलांनी पेटल्यासारखं दिसायचं. फाल्गुनात वाघाटीची फुलं सकाळी पांढरी उमलत आणि संध्याकाळपर्यंत गुलाबी होत. गुळवेलीला लाल फळांचे घोस लागले की बुलबुलांची अशी झुंबड उडे की आमच्या खिडकीत मला माझंच वाचन ऐकू येत नसे. बुडाशी मुंगसाचं बीळ. मधल्या दाटीत शिंपी पक्ष्याचं शिवलेलं पान. रस्त्याने कापसाच्या गाड्या जायच्या, त्यांतून उडालेला कापूस बाभळींना अडकायचा, आणि तुझे बुलबुल तो ओढून नेऊन घरट्यात घालायचे. तू म्हणायचीस, “पाखरंबी आता शेठ झाले. गादीबिगर झोपत नाईत.”

पंधरा दिवस मी खिडकीतून पाहत होते. तुला कळलंय हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस मान वर न करता तू म्हणालीस, “अवं मुंबईवाली, पाहाचंच हाय त इकून ये. तिकून फुलाची पाठ दिसते.”

मी आले. “तुम्ही हे सगळं लावलंत?” एवढं विचारायला मला बराच वेळ लागला.

“मले तुमी-बिमी करू नोको. तुमी मनलं का वाट्टे माह्या मांगं कोनी उभं हाय.”

म्हणून ‘तू’. आयुष्यात आईनंतर मी ‘तू’ म्हटलेली तू पहिली मोठी बाई.

मी वही आणायला लागले. तू वेलांची नावं सांगायचीस आणि मी ती लिहून घ्यायचे, इंग्रजी अक्षरांत, कारण तीच माझ्या हाताला लवकर येत. तू वहीत डोकावून म्हणालीस, “मुंग्या काढून राहिली का वं?” माझ्या पेटीत फुलांचं एक विलायती पुस्तक होतं, रंगीत चित्रांचं. ते मी तुला दाखवलं. तू प्रत्येक पान नीट पाहिलंस, अगदी पाहुण्यासारखं. शेवटी विचारलंस, “याच्यात खानारं कोनीच नाई काढलं?” मी पुन्हा पाहिलं. खरंच त्या पुस्तकात एकही अळी नव्हती, मधमाशी नव्हती. सगळी पानं अखंड होती.

*

आता आपल्या भांडणाकडे येते.

मृगाच्या थोडं आधी, खूप धीर करून मी म्हणाले, “मावशी, कळलावीचा एक कंद मला देशील?”

तू कपाळावर हात मारलास. “मांगतला? झालं! आता नाई लागत तो.”

मला वाटलं, द्यायचा नाही म्हणून सांगते आहेस. मी निघाले. तू मला परत बोलावलंस आणि वांग्याला माती लावता लावता समजावलंस. मागितलेला वेल लागत नाही. दिलेला तर मुळीच नाही. वेल चोरून न्यायचा असतो. “मालक घरी नसताना?” मी विचारलं.

“मालक घरी नसतांनी नेलं त ते चोरी. मालक तथीच पायजे. पाठ करून.”

हे तू इतक्या सरळपणे सांगितलंस की जणू भाताला किती पाणी लागतं ते सांगत होतीस. मग मोठ्याने म्हणालीस, “मी इहिरीवर जाऊन राहिली बाप्पा!” आणि गेलीस. बादली आपटलीस. काहीतरी गुणगुणलीस. परत आलीस तेव्हा कंद जागेवर होता आणि मीही जागेवर होते.

आमच्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर दहा आज्ञा टांगलेल्या होत्या. त्यांतली चोरीची आणि खोट्याची मला अर्थ कळायच्या आधीपासून पाठ होती. त्या दिवशी तू चार वेळा विहिरीवर गेलीस. वांग्यांना गरज नसताना पाणी मिळालं. चौथ्या वेळी तू मान चोळत आलीस. “अवं, माही मान दुखून राहिली!”

“चोरी ती चोरी, मावशी.”

“देल्लेली वस्तू देनाऱ्याचीच रायते, पोरी. वेल मेला का मंग बाई मनते, तिनं खराबच देल्लता. चोरून आनला का आपल्याच जिवाले लागते. बाई उठून उठून पाहते, मेला त नाई?”

मला ते पटलं नव्हतं, आणि तुझी पाठ अशी वाया घालवणारी मुलगी या गावात पहिलीच असेल.

त्याच आठवड्यात मी दुसरं काम केलं, ते याहून वाईट.

यमुना आपल्यापासून तीन घरं पलीकडची सून. ती भर दुपारी डोक्यावरचा पदर ओढून आली आणि कुंपणाशी बसली. तू लगेच वर बघायला लागलीस आणि वाडीच्या कडुनिंबाला विचारू लागलीस की यंदा पाऊस कसा काय. मी वही घेऊन बाजूला. यमुनेने विळ्याने माती उकरली, नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद काढला आणि ओटीत खोचला. तू पुरेसा वेळ जाऊ दिलास. मग अजून निंबाकडेच बघत म्हणालीस, “काई नेलं का वं कोनी?”

मला वाटलं, मलाच विचारलंस. विचारलं की खरं सांगायचं, एवढंच मला येत होतं.

“हो. यमुनावहिनींनी कळलावीचा कंद नेला. त्यांच्या ओटीत आहे.”

यमुनेने कंद काढला, मातीवर ठेवला आणि गेली. सांगून झालेला कंद आता लागणार नव्हता. तिला मूल होत नव्हतं, आणि दारात कळलावी फुलली तर बरं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं. तू मला रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. फक्त म्हणालीस, “हा सवाल इचारलाच जाते. पाहनाऱ्यानं मनायचं, मले काई नाई दिसलं. एवढंच त काम हाय पाहनाऱ्याचं.”

“पण ते खोटं आहे.”

“खोटं कोनाले? मले मालूम, तिले मालूम, निंबाले मालूम. मंग खोटं कोनाले बोललो आपन?”

यमुना त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. विहिरीवर मी आले की ती घागर अर्धी भरून निघायची. मी नुसतं पाहत राहायचे. पाहणं मला चांगलं जमायचं. पाहणाऱ्याचं काम मात्र येत नव्हतं.

*

भरपाई म्हणून मी न बोलता करता येईल असं काहीतरी शोधत होते. पावसाळा सरत आला होता. कुंपणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सापसंदाचा वेल होता. त्याच्यावर काळपट, लाल काट्यांच्या अळ्या चढल्या होत्या आणि पानं करवतीसारखी कातरत होत्या. तू बाजारात हार विकायला गेली होतीस. मी चुलीवरचा चिमटा आणला, एकेक अळी उचलून डब्यात टाकली आणि डबा रस्त्यापलीकडे रिकामा केला. वेल स्वच्छ दिसत होता, माझ्या विलायती पुस्तकातल्या वेलासारखा.

तू आलीस, टोपली ठेवलीस आणि वेलापाशी थबकलीस. “इथले पाव्हने कुठं गेले?”

मी सांगितलं. तू तशीच रस्त्यावर गेलीस आणि गुडघ्यांवर बसलीस. कापसाच्या नव्या हंगामाला वेळ होता, तरी गाड्या होत्याच. एक गाडीवान ओरडला, “ओ बाई, मरशीन ना!” तू हात वर करून त्याला थांबवलंस. “थांब रे बाप्पा, माहे लेकरं सांडले हायेत.” तो थांबला. मीही बसले. चाकोरीतून, गवतातून, शेणाखालून आपण त्या अळ्या वेचल्या. मला त्यांना हात लावायची किळस येत होती, आणि ती तुला दिसू नये म्हणून मी तुझ्यापेक्षा जास्त वेचल्या. तुला ती दिसली होतीच. “गुदगुल्या करतेत फक्त,” तू म्हणालीस.

आठ दिवसांत त्यांनी सापसंद पुरता खाल्ला. काट्यांवर नुसते दोरे लोंबत राहिले. मला रडू येत होतं आणि तू मात्र कंबरेवर हात ठेवून समाधानाने बघत होतीस. “ज्याच्यासाठी रांधलं त्यानं खाल्लं. मंग ताट रिकामं दिसन नाई त काय?”

मग एका सकाळी काळी फुलपाखरं निघाली, लाल अंगाची, संथ. कोणाला भीत नव्हती. बुलबुलसुद्धा त्यांना शिवत नव्हते. तू म्हणालीस, कडू खाऊन मोठं झालं की कोणी वाटेला जात नाही. ती बराच वेळ आपल्या डोक्यावरून फिरत राहिली. सापसंद मुळातून पुन्हा फुटला. त्या सकाळी मला वाटलं, मुंबई सोडून आलो ते बरं झालं. हे तुला सांगायचं राहिलं.

*

गणपत वाईट नाही. हे मी तुझ्या बाजूने नाही, माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिते आहे. कुंपणापलीकडचं शेत त्याचं. कापसाचे दिवस आलेले, गावात ज्याच्या त्याच्या तोंडी गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवल्याची गोष्ट. तो कुंपणाच्या कडेने पावलं मोजत यायचा आणि म्हणायचा, “काकू, आठ तास कापूस बसते इथं.” तास म्हणजे पेरणीची ओळ.

“आठ तास कापूस बसते रे, पन मुंगूस कुठं बसन?”

तो हसायचा. तू त्याला मेथीची जुडी द्यायचीस आणि तो जायचा. कापसाशी तुझं वैर नव्हतं. हिवरखेडला तुझ्या माहेरी कापूसच होता, आणि तुझ्या पायातली जोडवी त्याच्याच पैशातली. तिथूनच लग्नात येताना तू सातपुड्याच्या पायथ्याच्या वाघाटीचं बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतंस. चोरलेलंच, आपल्या आईचं. “मायनं पाठ केल्ती. येशीपर्यंत केल्ती,” तू एकदा म्हणालीस. येस म्हणजे गावाची वेस. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

आणखी एक पावसाळा गेला, आणि गेल्या दिवाळीनंतर बाबांना अकोल्याला पाठवलं. सामान गाडीत चढलं. कळलावी वाळून गेली होती, कंद जमिनीत निवांत. मी निरोप घ्यायला कुंपणाशी आले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, चांगली चार वाक्यं. तू मला पाहिलंस आणि पाठ फिरवलीस.

मी उभी राहिले. बाबांनी हाक मारली. मी अजून उभी. माझी चार वाक्यं तुझ्या पाठीला कशी सांगणार? मी गाडीत बसले. गाडी हलली, कडुनिंबाखालून गेली, वळणाला लागली. तिथून मागे पाहिलं तर निळं लुगडं, पांढरा अंबाडा आणि तुझी पाठ. तू वळली नव्हतीस.

सगळा हिवाळा मी समजत होते की तू रागावलीस. अकोल्याच्या घराला मुरमाचं अंगण आहे आणि एक उघडी भिंत. त्या भिंतीकडे बघत एका दुपारी मला तुझ्या आईची ती वेशीपर्यंतची पाठ आठवली. हातातलं भांडं तसंच राहिलं. तू मला वेळ देत होतीस. मी काहीतरी उचलावं, अगदी शेवटच्या वळणापर्यंत उचलावं, म्हणून तू मान दुखेपर्यंत उभी होतीस. आणि मी प्रामाणिक, रिकाम्या हातांनी निघून आले होते.

तुला वाचता येत नव्हतं. पत्र गणपतला वाचून दाखवावं लागलं असतं. मी ठरवलं, पावसाळ्याआधी स्वतः जाईन आणि चोरीन. तू थांबली नाहीस.

*

तेरवीचं जेवण झाल्यावर आम्ही बायका मागच्या दगडावर हात धुवत होतो. समोर कुंपण. उन्हाळ्यात ते नेहमीसारखंच फाटकं दिसत होतं, गोकर्णाच्या सुक्या शेंगा, गुळवेलीचे दोर, पण सगळ्यांना ठाऊक होतं खाली काय आहे ते. गणपत आला आणि चांगल्या मनाने म्हणाला, “बाया हो, ज्याले जे पायजे ते मांगून घ्या. उद्या मंग बैलं लागतीन. मी नाई मनत नाई.”

कोणी मागितलं नाही. बायका लुगड्यांना हात पुसत राहिल्या. तो जरा थांबला, त्याला वाटलं असावं की कोणाला नकोच आहे, आणि तो गेला.

मग यमुना माझ्याशी बोलली. वर्षाहून जास्त झालं होतं. पदराआडून, माझ्याकडे न पाहता.

“मांगतलं त लागत नाई.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

“त्याच्यासमोर आमाले तोंड उघडता येत नाई. आमच्या सासऱ्यासारखा लागते तो. तुले काई सासर नाई इथं. उद्या सक्काऊन तू त्याले इहिरीवर बसव, पाठ इकडं. अन् बोलत राय.”

“काय बोलू?”

“काईबी. एवढी शिकली ना?” आणि जाता जाता, अगदी तुझ्या ढंगात, “अन् या टाइमाले त तोंड बंद ठेवजो.” बोलत राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हे एकाच वेळी कसं करायचं ते तिने सांगितलं नाही. मला समजलं होतं.

सकाळी गणपत दोन बैल आणि साखळदंड घेऊन आला. मी तांब्या घेऊन गेले. तो पाणी प्यायला विहिरीच्या काठावर टेकला, घराकडे तोंड करून. कुंपण त्याच्या पाठीशी, माझ्या डोळ्यांसमोर.

“गणपतदादा, अकोल्याच्या बाजूला लोखंडी रस्त्याचं काम चाललं आहे.”

त्याने तांब्या खाली ठेवला. “तू बोलतेबी?”

मी बोलत सुटले. मातीचे ढीग किती उंच, बायामाणसं टोपल्या घेऊन कशी रांगेने चढतात, गाडीभर लोखंड ओढताना बैल कसे गुडघे टेकतात, सगळं. त्याच्या पाठीमागून पहिली बाई आली. मग तिघी. मग मी मोजायचं सोडलं. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. कोणाच्या हातात विळा, कोणाच्या टोपली. गुळवेलीचे दोर निघत होते. शेंगा ओटीत जात होत्या. सापसंदाच्या कोपऱ्यात दोघी म्हाताऱ्या मांडी घालून मुळं उकरत होत्या, जणू शेंगा निवडायला बसल्यात.

माझं लोखंड संपलं. मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी तुझ्याबद्दल बोलायला लागले. चार वेळा पाणी प्यालेली वांगी. चिमटा आणि डबा. रस्त्यावर सांडलेली लेकरं. ती पाठ केलेली चार वाक्यंही बोलून टाकली. गणपत आधी हसला. मग त्याने तांब्याच्या काठावर अंगठा फिरवायला सुरुवात केली आणि फिरवतच राहिला. “काकूनं मले बैल हाकायले शिकवलं,” तो मध्येच म्हणाला. “बाप नोता ना मले.” हे मला ठाऊक नव्हतं.

इथे तू विचारशील, “मंग तू काय नेलं वं?” ते मी लिहिणार नाही. अकोल्याच्या उघड्या भिंतीशी आता एक हातभर माती ओली असते आणि मी पहाटे उठून उठून पाहते, एवढंच. तुझं बाकीचं कुंपण अमरावतीत कोणाकोणाच्या दारात गेलं तेही सांगणार नाही. पाऊस पडला की आपोआप दिसेल.

एक सुकी शेंग कडकन फुटली. बुलबुल ओरडले. मुंगूस बिळातून निघालं आणि गणपतच्या पायांजवळून, बैलांच्या खालून पळालं. त्याची मान वळायला लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली. तो माळ्याचा मुलगा, तुझ्या हाताखाली वाढलेला. त्याने मान पुन्हा सरळ केली. समोर, निंबाकडे पाहत त्याने विचारलं,

“काई नेऊन राहिलं का वं कोनी?”

त्याच्या खांद्यावरून मला यमुना दिसत होती. तिच्या ओटीत वाकडा कंद होता, माती लागलेला. ती उठून उभी राहिली होती आणि पदर मागे सारून सरळ माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “मले त काई नाई दिसून राहिलं, दादा.”